वाचकांचे प्रश्न: एकाच कोरलवर राहणारे काळे-पांढरे मासे

प्रश्न: लक्षद्वीपमधल्या अगत्तीला लगूनमध्ये (बेटाभोवतीच्या उथळ, शांत पाण्यात) स्नॉर्केलिंग करताना कोरलच्या (प्रवाळाच्या) एका झुडपाभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बोटाएवढे मासे दिसले. जवळ गेलं की सगळे एकदम आत, लांब गेलं की परत बाहेर. दुसऱ्या दिवशीही तिथेच होते. ही कुठल्या मोठ्या माशाची पिल्लं आहेत का? आणि घरच्या मरीन टँकमध्ये ठेवता येतील का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: पिल्लं नाहीत हो, मासाच तेवढा असतो, फार तर आठ-दहा सेंटीमीटर. पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे आणि पहिला पट्टा डोळ्यावरून गेलेला असेल, शेपटी फिकट असेल तर तो हंबग डॅमसेल, शास्त्रीय नाव डॅसिलस अरुआनस. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच त्याची नोंद केलीय. लाल समुद्र, पूर्व आफ्रिकेपासून पार पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत, जिथे उथळ शांत लगून आणि फांद्यांचं कोरल आहे तिथे हा सापडतो.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला दिसले ते बहुतेक तेच मासे असणार, कारण लहानपणी एकदा कोरल धरलं की हा सहसा ते सोडत नाही, पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव तिथल्या तिथेच टिपतो आणि मोठा मासा आला की फांद्यांत घुसतो. प्रत्येक झुडपावर एक टोळी आणि टोळीत साइजप्रमाणे नंबर लागलेला, सगळ्यात मोठा तो नर, खालच्या बहुतेक माद्या आणि छोटी पोरं. आणि हा नर मेला किंवा कोणी पकडून नेला तर सगळ्यात मोठी मादीच हळूहळू नर होते! मला या माशाबद्दल सगळ्यात भारी वाटतं ते हेच, बाहेरून नर यायची वाटच बघायला लागत नाही.

अंडी राखायचं काम नराचं. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, मग साधारण तीन आठवडे उघड्या समुद्रात वाहत जातात आणि परत रीफवर, म्हणजे कोरलच्या वस्तीवर, येतात तेव्हा शक्यतो ज्या कोरलवर आधीच आपले जातभाई आहेत तेच निवडतात, चक्क वासावरून.

कोरललाही याचा फायदा होतो बरं का. माशांच्या उत्सर्गातला अमोनिया कोरलच्या आत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला खत म्हणून मिळतो. शिवाय रात्री फांद्यांच्या आत पाणी साचून ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा आत झोपलेले मासे पर हलवत राहतात आणि पाणी खेळतं राहतं. लाल समुद्रात याच्या अगदी जवळच्या जातीवर हे नीट मोजून बघितलंय. म्हणून मी मासा आणि कोरल वेगळं मोजतच नाही. १९९८, २०१० आणि २०१६ ला समुद्र तापला आणि लक्षद्वीपचं कोरल पांढरं पडलं, त्यातलं जे मेलं त्यावर बाहेरचं शेवाळ चढतं, फांद्या तुटून चुरा होतो आणि मग या माशाला लपायला जागाच उरत नाही.

आता टँकचं. तिथून मासा किंवा कोरलचा तुकडा आणायचा विचार डोक्यातून काढून टाका प्लीज. कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. दुकानातून घेणार असाल तर हॅचरीत वाढवलेला आहे का ते आधी विचारा, आपल्या सेंट्रल मरीन फिशरीज रिसर्च इन्स्टिट्यूटने डॅमसेलच्या कुटुंबातल्या काही माशांची पैदास करून दाखवलीय. तरी खरं सांगू का, छोट्या टँकमध्ये हा मासा फार भांडतो, मोठा झाला की बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतो, कारण कमी नंबरवाल्याला पळायला जागाच नसते. पहिलाच मरीन टँक असेल तर टँकमध्येच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी घ्या, तीही याच कुटुंबातली आहे.

प्रश्न: हा मालवणला दिसेल का?

उत्तर: मालवणला खडकांजवळ उभ्या काळ्या पट्ट्यांचे मासे दिसतात ते सार्जंट मेजर, याचेच चुलत भाऊ, पण अंगाने मोठे आणि मोकळ्या पाण्यात थव्याने फिरणारे. हंबग बघायचा तर लक्षद्वीप किंवा अंदमान. ओहोटीला लगूनमध्ये उतरलात तर दमल्यावर वाळू बघून उभे राहा, कोरलवर पाय ठेवू नका.