प्रतिस्पर्धी क्लबच्या कर्जावरून आणि मालकावरून चिडवण्यात काय अर्थ आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ऐरोलीचे, मँचेस्टर युनायटेडचे चाहते. ग्रुपवर मित्र रोज क्लबचं मालक असलेलं ग्लेझर कुटुंब, क्लबवरचं कर्ज आणि स्टेडियमचं गळकं छप्पर काढून पिडतात. इतक्या लांब बसून दुसऱ्याच्या क्लबच्या पैशावरून चिडवण्यात काय अर्थ आहे, मॅचवर का बोलत नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्याचा, लिव्हरपूलवाला. म्हणजे तुम्हाला पिडणाऱ्यांच्याच गोटातला. तरी मनापासून सांगतो, त्यांना गप्प करू नका. फुटबॉलमधल्या सगळ्या चिडवाचिडवीत मालकावरची चिडवाचिडवी सर्वांत कामाची आहे. अडचण एवढीच आहे की टोमणा मालकाला लागायला हवा तो चाहत्याला लागतो, आणि तुम्हाला जो त्रास होतोय तो तिथून येतोय.

आमची एक टोळी रविवारी रात्री घोडबंदर रोडच्या टर्फवर खेळते. गणपतीत वर्गणीसाठी असतं तसलं कोरं पावती पुस्तक एकाने स्टेशनरीच्या दुकानातून आणलं, वर शिक्का मारला 'ग्लेझर कर्जफेड निधी, ठाणे (प.)', आणि आमच्यातल्या युनायटेडवाल्याच्या नावाने अकरा रुपयांची पावती फाडली. अक्षरी रुपये, रोख मिळाले, खाली खजिनदाराची सही, सगळं रीतसर. तो हसला, पावती घडी करून पाकिटात ठेवली. मग परतताना माजिवड्याच्या सिग्नलला मला म्हणाला, "पण हे कर्ज क्लबने काढलंच नव्हतं ना रे?"

बरोबर आहे त्याचं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो, त्यामुळे त्या रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी हेच बोलत बसलो. २००५ मध्ये माल्कम ग्लेझर यांनी युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर काढलेला होता. समजा, कुणीतरी आपल्या सोसायटीची मालकी विकत घ्यायला आपलीच इमारत गहाण टाकली आणि हप्ते आपल्या मेंटेनन्समधून भरायला लागला, तर आपण काय म्हणू? झालं ते हेच. १९३१ पासून क्लबवर कर्ज नव्हतं. खरेदीच्या दिवशी ते आलं आणि आजतागायत आहे. त्यातल्या एका कर्जाचा सुरुवातीचा व्याजदर १४.२५ टक्के होता, आणि व्याज न भरता ते मुद्दलात मिळवत जायची सोय होती. आपल्याकडे होम लोन घेताना पाव टक्क्यासाठी माणूस चार बँका फिरतो, म्हणून हा आकडा डोळे उघडे ठेवून वाचा.

हे सगळ्यांत आधी कुणाला झोंबलं, तर युनायटेडच्याच लोकांना. २००५ मध्येच काहींनी वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. २०१० मध्ये स्टेडियमभर हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले. न्यूटन हीथ म्हणून हा क्लब सुरू झाला तेव्हाचे ते रंग. त्या मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, बेकहॅमने मॅच संपल्यावर तोच मफलर उचलून गळ्यात घातला होता. तेव्हा मित्र तुम्हाला ग्लेझरवरून चिडवतात ना, ते तुमच्याच क्लबच्या जुन्या चाहत्यांचं म्हणणं पुन्हा बोलून दाखवतायत. त्यावर रागावण्याऐवजी "हो, माझंही तेच म्हणणं आहे" असं सांगा.

गळक्या छपराचंही तसंच. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर जोराचा पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरून पाण्याचे लोट खाली आले. आमच्या ग्रुपवर त्या रात्री वॉटरप्रूफिंगवाल्यांचे नंबर फिरत होते. त्या हसण्यामागे खरा हिशेब आहे. व्याज, लाभांश, फी अशा वाटांनी एक अब्ज पौंडांहून जास्त रक्कम वर्षानुवर्षं क्लबमधून बाहेर गेली. ती स्टेडियमवर लागली असती तर छप्पर गळलं नसतं.

आता माझ्या क्लबचं सांगतो, कारण तुमच्या ग्रुपवरच्या लिव्हरपूलवाल्यांना हे बहुधा माहीत नसेल. फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट हे दोघे अमेरिकन आले. ग्लेझरसारखं करणार नाही, असं सांगत आले, साठ दिवसांत नव्या स्टेडियमची कुदळ मारू म्हणाले. स्टेडियमची एक वीटही रचली गेली नाही, आणि खरेदीचं कर्ज शेवटी क्लबच्याच मानगुटीवर बसलं. ऑक्टोबर २०१० मध्ये बँकेच्या कर्जाची मुदत डोक्यावर आली, प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं आणि ३० कोटी पौंडांना क्लब आताच्या मालकांकडे आला. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर गुण कापले जाऊन लिव्हरपूल तळाला गेला असता. त्या महिन्यात युनायटेडवाले आमच्यावर हसत होते, आणि पाच वर्षं त्याच दुखण्यात असलेल्यांनी हसावं याचा मला तेव्हा फार राग यायचा. उलट बाजूने तुम्हाला आज तेच वाटतंय.

पण त्याच दुखण्यातून लिव्हरपूलमध्ये २००८ साली स्पिरिट ऑफ शँकली ही चाहत्यांची युनियन उभी राहिली. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या मालकांनी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक जागा सोडून बाहेर पडले. टीम २-० ने पुढे होती, लोक गेल्यावर सामना २-२ असा सुटला. मालकांनी काही दिवसांत माफी मागून दरवाढ मागे घेतली. मालकाकडे डोळे वटारून बघायची सवय होती म्हणून हे जमलं. ही सवय कुठून लागते? माझं उत्तर: रोजच्या टिंगलीतून. मालक कोण, पैसा कुठला, हप्ता कुणाच्या खिशातून जातो, हे प्रश्न चाहत्याच्या तोंडी येतात ते आधी दुसऱ्याच्या क्लबबद्दलच येतात.

मात्र नुसता कर्जाचा आकडा फेकणाऱ्याला मी मानत नाही. टॉटनहॅमवरही भरपूर कर्ज आहे, पण त्यातून २०१९ मध्ये उघडलेलं स्टेडियम उभं राहिलं, आणि ते रोज कमावतं. कर्ज कशासाठी काढलं, हे न विचारता आकडे मोजण्यात हशील नाही.

चेल्सीचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. रशियन अब्जाधीश मालक अब्रामोविच यांनी २००३ पासून बिनव्याजी पैसा ओतला, दीड अब्ज पौंडांच्या आसपास, आणि सगळं एका माणसावर उभं राहिलं. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लावले, त्यासरशी क्लबला नवी तिकिटंसुद्धा विकता येईनात. नंतरच्या मालकांनी क्लबची दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली, मग महिला संघही तसाच विकला, आणि तोटा ताळेबंदात कमी दिसला. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमात तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालायचा, त्यासाठीची ही सारी धडपड. आमच्या ऑफिसात एका खिशातून दुसऱ्या खिशात अशी विक्री दाखवली तर ऑडिटर दहा प्रश्न विचारेल. यावर चेल्सीवाल्यांना हवं तेवढं पिडा.

एका ठिकाणी मात्र मी ग्रुपवर भांडतो, आणि तुम्हीही भांडावं असं वाटतं. मँचेस्टर सिटी आणि न्यूकॅसलचा विषय निघाला की आधी 'तेलवाले' येतं, मग शेख, मग अरबी पेहरावाची थट्टा, आणि दोन मेसेजमध्ये गाडी धर्मावर येते. मग मुंब्र्याचा, कौसाचा एखादा मित्र ग्रुपमध्ये गप्प होतो. मालकाला प्रश्न विचारायचा तर नेमका विचारता येतो. न्यूकॅसलचा ८० टक्के हिस्सा ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने घेतला, त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रिस्टल पॅलेसच्या चाहत्यांनी एक मोठा फलक झळकवला. लीगच्या मालक-तपासणीचा फॉर्म, आणि खुनापासून सेन्सॉरशिपपर्यंत सगळ्यावर बरोबरची खूण. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा निघाला नाही. तो फलक एका सरकारच्या कृत्यांवर होता. आणि सिटीवर प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरावर आरोप ठेवले, ते क्लबने नाकारले. आरोप ते आरोपच, शिक्षा नाही. अबू धाबीच्या मालकाला हिशेब विचारायला त्याचा पोशाख मध्ये आणावा लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून जवळची. क्लब मरणाला टेकला असताना हसू नये असं माझं ठाम मत आहे. ग्लासगोच्या रेंजर्सचा मालकी हिस्सा २०११ मध्ये एका पौंडाला विकला गेला. पुढच्या वर्षी करांची थकबाकी निभेना, जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळ्यात, गेली आणि क्लबला चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी सेल्टिकच्या चाहत्यांनी जेली-आइस्क्रीम खाऊन जल्लोष केला. पण मग चार वर्षं लीगमध्ये ते दोघं समोरासमोर आलेच नाहीत. इकडे खालच्या डिव्हिजनमध्ये ईस्ट स्टर्लिंगशरविरुद्ध रेंजर्सच्या घरच्या मॅचला ४९,११८ माणसं आली. चुका मालकांच्या होत्या, आणि गेट उघडं ठेवलं ते या लोकांनी. मँचेस्टरजवळच्या बरी क्लबला तेवढंही नशीब लाभलं नाही. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. तोही एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये कंपनीने बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि मिटलाच. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याच्या जागी हैदराबाद आला, पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला गेला. कूपरेजला मुंबई एफसीचा पिवळा शर्ट घालून जाणारी पोरं मी पाहिली आहेत. एके दिवशी त्यांच्याकडे शर्ट होता आणि टीम नव्हती.

इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) मुंबई सिटी २०१४ मध्ये सुरू झाला तो तुमच्या नेरुळात, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आनेल्का, लुंगबर्ग यांची नावं पोस्टरवर, ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून गेलेली आमची टोळी वरच्या स्टँडमध्ये. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या मोसमात गोव्याचे कोच लोबेरा आले, मागोमाग फॉल, जाहू, बूमूस, मंदार राव देसाई आले, आणि आपण शील्ड (साखळीत पहिला नंबर) आणि कप (अंतिम सामना) दोन्ही जिंकलो. गोव्याचे लोक 'विकत घेतलेली ट्रॉफी' म्हणाले. त्यांचा राग मला समजतो, त्यांचा अर्धा संघ आम्ही उचलला होता. मग डिसेंबर २०२५ मध्ये आयएसएलचा व्यावसायिक करार संपला, मोसम वेळेवर सुरू झाला नाही, आणि त्याच महिन्यात सिटी ग्रुपने मुंबईतला हिस्सा सोडायचं जाहीर केलं. केरळ, बेंगळुरू, कोलकात्याच्या काही चाहत्यांनी त्यावरही मीम काढले, त्यांच्या स्वतःच्या क्लबांचं भवितव्य त्याच कराराला टांगलेलं असताना.

म्हणून मी टिंगल सोडा म्हणत नाही, ती वर चढवा म्हणतो. जर्मनीत फेब्रुवारी २०२४ मध्ये एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानावर टेनिस बॉल फेकून सामने अडवले आणि लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराशी करायचा सौदा गुंडाळला. शनिवारी एकमेकांच्या मालकांची उडवणारेच हे लोक.

तुमच्या ग्रुपचं म्हणाल, तर पुढच्या वेळी लिव्हरपूलवाल्याने ग्लेझर काढला की त्याला हिक्स-जिलेटची कुदळ विचारा. चेल्सीवाल्याला विचारा, हॉटेलं कुणी घेतली. बार्सिलोनावाला असेल तर २०२२ मध्ये टीव्ही हक्कांच्या पुढच्या २५ वर्षांच्या उत्पन्नातला पाव हिस्सा का विकला ते विचारा, आणि तिथे मालक म्हणून सभासदच आहेत हेही सुनवा. आर्सेनलवाल्याला एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी स्वतःपुरती काढायला घेतलेल्या सुपर लीगची आठवण करून द्या. तो "तुम्हीही होतात की" म्हणेल. म्हणू दे, होतोच आपण इंग्लंडचे सहाही बडे क्लब.