वाचक विचारतात: खारं पाणी, सोडा अन् वरून ऊन, तरी जंतू जगतात कसे?

प्रश्न: आम्ही कमळजा मातेच्या दर्शनाले लोणारले गेलो व्हतो. २०२० मधी तळं गुलाबी झालं तं ते मिठात राहणाऱ्या जंतूंनं, असं गाइड सांगत व्हता. पण पाणी खारंही हाय, सोड्यासारखं बुळबुळीतही हाय अन् उन्हाळ्यात वरून ऊन. एक त्रास असन तं समजू, तीन-तीन एकाच वेळी कसे सहन करते? अन् असे जंतू आमच्या खारपाणपट्ट्यातल्या वावरात टाकले तं जमीन सुधरन काय? – एक शेतकरी, दर्यापूर तालुका

उत्तर: भाऊ, प्रश्न भारी आहे, कारण आपल्याला वाटतं की एक त्रास अधिक दुसरा त्रास म्हणजे दुप्पट मरण, पण तसं नेहमी होत नाही, काही त्रासांची आपसात जोडी जमते. लोणारच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) १० च्या आसपास, तुमच्या मातीपरीक्षणाच्या कागदावर ८.५ आला तरी आपल्याला घाम फुटतो, आणि पीएच एकानं वाढला की अल्कली दहापट. अशा पाण्यात हायड्रोजनचे कण बाहेर फार कमी, आणि पेशीला तर ते आत हवे असतात. मग हे जंतू काय करतात, आतला सोडियम बाहेर टाकतात आणि त्या बदल्यात हायड्रोजन आत ओढतात. हा व्यवहार चालू राहायला सोडियम पुन्हापुन्हा आत यावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यात त्याला काय तोटा? म्हणजे ज्या मिठानं आपलं पीक जळतं त्याच्याच जोरावर हे सोड्यात टिकतात.

उन्हाचंही तसंच. २०२० ला पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा हॅलोआर्किया, म्हणजे मिठात राहणारे सूक्ष्म जीव, सापडले होते, पाऊस कमी होऊन पाणी आटलं, मीठ वाढलं आणि हे माजले. तो गुलाबी रंग म्हणजे त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य, तेच त्यांना कडक उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं.

सगळ्याच जोड्या जमतात असं मात्र नाही हं. खार, अल्कली आणि खरीखुरी उष्णता (म्हणजे पाणीच गरम, आपलं मे महिन्याचं ऊन नाही) हे तिन्ही एकत्र लई कठीण, कारण गरमीनं पेशीचं आवरण गळकं होतं आणि आत-बाहेरचा सगळा हिशेब बिघडतो. तरी इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या तळ्यांत नॅट्रानिरोबियस थर्मोफिलस नावाचा जंतू मिळाला, २००७ मध्ये त्याची नोंद झाली, तो ५३ अंशाला, पीएच ९.५ ला आणि समुद्राच्या सात-आठ पट सोडियममध्ये सगळ्यात चांगला वाढतो. सहन करतो असं नाही, त्याला तेच लागतं! उलट इथिओपियातल्या डालोलला जिथं भयंकर आम्ल आणि भयंकर मीठ एकत्र आहे, तिथल्या काही डबक्यांत २०१९ च्या एका अभ्यासात जिवंत काहीच मिळालं नाही, आम्ल आणि मिठाची जोडी जमणं फारच अवघड दिसतं.

त्रासांच्या जोडीत मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो डायनोकोकस रेडिओड्युरान्स नावाचा जंतू. १९५६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला डब्यातलं मांस निर्जंतुक करायला त्यावर गॅमा किरण सोडले तरी ते नासलं, त्यातून हा निघाला. माणूस ५ ग्रे (ग्रे म्हणजे अंगात शिरलेल्या किरणांचं माप) किरणांनी मरतो, हा ५००० सहन करतो. आता पृथ्वीवर एवढे किरण आहेत कुठं की याला ही सवय लागावी? तर सवय बहुतेक कोरडेपणाची आहे. पेशी पार सुकली की डीएनएचे तुकडे होतात, किरणांनीही तेच होतं, म्हणून तुकडे जोडायचं जे काम दुष्काळासाठी शिकला ते किरणांनाही पुरलं.

आता तुमच्या वावराचं. नका टाकू भाऊ. हॅलोआर्कियाला जगायलाच साधारण शेकडा ९ मीठ लागतं (समुद्रात साडेतीन असतं), तुमच्या शेतात पहिल्या पावसाच्या गोड पाण्यात ते फुटून मरतील. आणि दुसरं असं की ते सोडियम खाऊन संपवत नाहीत, नुसतं त्याच्यासोबत राहतात. तुमची अडचण ही की सोडियमनं चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वर पापुद्रा धरतो. त्याला उपाय जिप्सम, त्यातला कॅल्शियम येऊन सोडियमला हटवतो, पण सुटलेला सोडियम वाहून जायला चर पाहिजे नाहीतर पैसे पाण्यात. सोबत धैंचा हे हिरवळीचं पीक पेरून मातीत गाडा. जिप्सम किती टाकायचं ते माती तपासूनच ठरवा, शेजाऱ्याच्या अंदाजानं नको. असल्या जंतूंचा उपयोग घरात मात्र होतोच, कपड्याच्या पावडरीत डाग काढणारी काही एन्झाइम अल्कलीत राहणाऱ्या जंतूंचीच असतात.

प्रश्न: गुलाबी पाण्यात पोरानं हात घातला, काही रोग तं नाही होणार? – त्याच तालुक्यातून एक ताई

उत्तर: नाही ताई, हॅलोआर्कियामुळं माणसाला रोग झाल्याचं नक्की उदाहरण नाही. पाणी सोड्याचं आहे म्हणून डोळ्यात गेलं तर झोंबेल, साध्या पाण्यानं धुवायचं. प्यायचं तर अजिबात नाही.