बाहेरचा कोड आत घेताना

प्रश्न : आमची चार जणांची कंपनी आहे. एक टूल एजीपीएल (बदल करून वाटलं किंवा नेटवर चालवलं तर तो कोडही खुला करायला लावणाऱ्या) परवान्याखाली गिटहबवर खुलं केलंय. मोठ्या ग्राहकांना पुढे वेगळा व्यावसायिक परवाना विकायचा विचार आहे. आता अनोळखी लोकांच्या पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्या) येऊ लागल्यात, एक तर थेट दोन हजार ओळींची. त्या मर्ज कराव्यात, म्हणजे आमच्या कोडमध्ये मिसळाव्यात का?

उत्तर : परवान्याचा प्रश्न सुटेपर्यंत एकही मर्ज करू नका. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, मर्ज केल्याने तो कंपनीचा होत नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो कोड तुम्हाला एजीपीएलनेच मिळतो. मग व्यावसायिक परवाना विकताना त्या प्रत्येकाची परवानगी लागेल, नाहीतर त्याचा कोड काढून नव्याने लिहावा लागेल. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरचं इंजिन २०११ च्या सुमारास जीपीएलवरून एलजीपीएल या जास्त सैल परवान्यावर नेताना जुन्या योगदानकर्त्यांना शोधून शोधून संमती घ्यावी लागली होती.

अनेक जण इथे डीसीओवर (कोड देण्याचा हक्क असल्याच्या योगदानकर्त्याच्या हमीवर) भागवतात. ‘गिट कमिट -एस’ केलं की कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ येते. पण ती ओळ एवढंच सांगते, की हा कोड या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे. दुसऱ्या परवान्याने विकण्याचा हक्क तुम्हाला त्यातून मिळत नाही. तुम्हाला सीएलए, म्हणजे योगदानकर्त्याशी परवान्याचा करार, लागेल, आणि त्यात पुन्हा परवाना देण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा. मसुदा वकिलाकडून पाहून घ्या. योगदानकर्ता कुठे नोकरीला असेल तर कोडवर मालकाचा हक्क असू शकतो, म्हणून त्याच्या कंपनीने सही करायचा वेगळा नमुनाही ठेवा. सीएलए पाहून काही जण माघार घेतील. त्यामागचं व्यावसायिक कारण कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (योगदानाचे नियम सांगणाऱ्या फाइलमध्ये) उघड लिहा. लपवलेलं नंतर कळलं की लोक जास्त दुखावतात.

दोन हजार ओळींचं काय? कोड एकदा घेतला की त्यातले बग, दस्तऐवज, पुढच्या आवृत्तीतली सुसंगतता सगळं तुमच्या चौघांवर येतं. लिहिणारा महिन्याभरात दिसेनासा झालेला असू शकतो. फीचर तुमच्या दिशेचं असेल तर तुकडे करून मागा: आधी नुसतं रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची फेररचना), मग चाचण्यांसह वागणुकीतला बदल. दिशेचं नसेल तर त्याच आठवड्यात नाही म्हणा आणि कारण द्या. तीन महिने ताटकळत ठेवून दिलेला नकार माणसाला फार लागतो. यापुढे बगदुरुस्ती थेट पाठवा, पण फीचरसाठी आधी इश्यू उघडून होकार घ्या, हा नियम त्याच फाइलमध्ये घाला. फाइल रेपोच्या (प्रकल्पाच्या कोड-साठ्याच्या) मुळाशी ठेवलीत की पुल रिक्वेस्ट उघडताना गिटहब तिची लिंक आपोआप दाखवतं.

सीआयकडेही (आलेला कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेकडेही) आजच बघा. फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या तुमच्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या साध्या ‘पुल_रिक्वेस्ट’ वर्कफ्लोला तुमची सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन) मिळत नाहीत. त्यामुळे एखादी चाचणी अडते आणि कुणीतरी ‘पुल_रिक्वेस्ट_टार्गेट’ वापरून मोकळं होतं. हा वर्कफ्लो तुमच्या मूळ रेपोच्या अधिकारात चालतो. त्यात बाहेरचा कोड चेकआउट करून बिल्ड केलात, तर बिल्ड स्क्रिप्टमधली एक ओळ टोकन बाहेर पाठवू शकते. असा वर्कफ्लो असेल तर काढा.

प्रश्न : एक बाहेरचा डेव्हलपर वर्षभर उत्तम काम करतोय. त्याला मर्जचा हक्क द्यावा का?

उत्तर : आधी ट्रायाज भूमिका द्या. त्यात इश्यूंना लेबल लावता येतं, ते बंद करता येतात, कोड मात्र ढकलता येत नाही. (ही भूमिका ऑर्गनायझेशनच्या रेपोतच मिळते.) नंतर मर्जचा हक्क दिलात तरी मुख्य ब्रँचवर दुसऱ्याची मंजुरी सक्तीची असू द्या आणि रिलीजच्या चाव्या कंपनीकडे ठेवा. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलमध्ये सापडलेलं बॅकडोर (चोरवाट) सुमारे दोन वर्षं विश्वास कमावून सह-देखभालकर्ता झालेल्या खात्याने घातलं होतं, आणि त्याचा महत्त्वाचा भाग रेपोत नव्हताच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या फाइलमध्ये) होता. म्हणून टारबॉल कुणाच्या लॅपटॉपवर बनवू नका. टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) सीआयमध्येच बनू द्या.