कार आणि मोटरसायकल रेसर यांना खरंच ॲथलीट म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शर्यतीत धावते ती गाडी, जोर लावतं ते इंजिन, मग आत बसलेल्या माणसाला ॲथलीट का म्हणायचं? आणि म्हणायचंच झालं, तर कारवाला आणि मोटरसायकलवाला यांना एकाच मापाने मोजायचं का?

माझं उत्तर: हो, दोघेही ॲथलीट आहेत. मात्र दोघांच्या शरीरांकडून होणारी मागणी इतकी वेगळी आहे की एकच माप लावलं तर कोणावर तरी अन्याय होतो. एकच नाव घ्या असा आग्रह केलात तर मी मोटरसायकलवाल्याचं घेईन. का ते पुढे सांगतो.

ॲथलीट कोण हे ठरवायला मी एकच साधी कसोटी लावतो. शरीर थकलं की निकाल बदलतो का? ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर कापते. थकव्यामुळे ब्रेक दाबायला सेकंदाचा दहावा भाग जरी उशीर झाला, तरी आठ मीटर गेले. दमलेला फुटबॉलपटू चेंडूपाशी उशिरा पोहोचतो आणि पुढच्या वेळी प्रयत्न करतो. दमलेला रेसर थेट ट्रॅकबाहेरच्या खडीत किंवा भिंतीवर जातो.

आता "नुसता बसलेला असतो" या आक्षेपाकडे येऊ. फॉर्म्युला वनच्या कारमध्ये ड्रायव्हर बसलेला नसतोच, जवळजवळ आडवा असतो आणि त्याच्या टाचा कमरेपेक्षा वर असतात. रोजच्या कारमध्ये ब्रेक दाबताना आपल्याला यंत्रणेची मदत मिळते, पाय नुसता टेकवला तरी गाडी थांबते. इथे तशी मदत नाही. डाव्या पायाने शंभर किलोच्या वर जोर द्यावा लागतो आणि तोही हवा तेवढाच, कारण जरा जास्त झाला की चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरायला लागतं. इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकचं उदाहरण घ्या. सरळ रस्त्यावर ताशी ३४० च्या आसपास असलेला वेग पहिल्या शिकेनपाशी (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणापाशी) तीनएक सेकंदांत शंभराच्या खाली आणायचा. त्या वेळी शरीर पाच जीच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपट जोराने पुढे फेकलं जातं. पट्टे धडाला धरून ठेवतात, डोक्याला मात्र कोणी धरत नाही. मॉन्झाच्या एका फेरीत असे लहानमोठे सहा ब्रेक आणि शर्यत ५३ फेऱ्यांची. म्हणजे तीनशेच्या वर वेळा हाच प्रकार.

वळणात तोच जोर बाजूने येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा-सात किलो धरलं, तर पाच जीला ते तीस-पस्तीस किलो होतं. दहा वर्षांचं मूल कानाला धरून लोंबकळतंय आणि तुम्हाला मान सरळ ठेवून पुढचं वळण शोधायचंय, असं समजा. सिल्व्हरस्टोनसारख्या ट्रॅकवर वळणांची माळच लागते. तिथे ड्रायव्हर वळणात श्वास रोखून धरतात आणि मधल्या सरळ तुकड्यात सोडतात. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे मानेची एक बाजू जास्त तयार होते. ब्राझीलमधला इंटरलागोस उलट दिशेने फिरतो आणि वर्षभर आरामात असलेली दुसरी बाजू तिथे बोंबलायला लागते. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. कॅमेरा गाडीलाच बसवलेला असल्याने तोही गाडीबरोबर वळतो, आणि आपल्याला वाटतं माणूस शांत बसलाय.

एक गोष्ट बरेच लोक विसरतात. फॉर्म्युला वनच्या कारला पॉवर स्टिअरिंग असतं. त्याखालच्या फॉर्म्युला टूला नसतं, अमेरिकेतल्या इंडीकारलाही नसतं. तिथे खांदे आणि दंड यांचं काम आणखी वाढतं.

उकाड्याचा मुद्दा मात्र नीट सांगायला हवा, कारण २०२३ साली दोन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही प्रकारांची परीक्षा झाली. २४ सप्टेंबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलच्या सर्वोच्च मालिकेची शर्यत होती. उकाडा इतका की २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांवर आणली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यतीनंतर शरीरातलं पाणी कमी होऊन अक्षरशः कोसळला. मग ८ ऑक्टोबरला कतारमध्ये फॉर्म्युला वन. तिथे टायरचा एक संच १८ फेऱ्यांच्या वर वापरायचा नाही असा नियम लावला होता. एरवी टायर जपण्यासाठी ड्रायव्हर वेग जरा आवरता घेतात, त्यात शरीरालाही विश्रांती मिळते. त्या रात्री जपायला काही उरलंच नाही, म्हणून ५७ फेऱ्या सगळे जीव तोडून पळाले. एस्तेबान ओकॉनला शर्यतीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच हेल्मेटमध्ये उलटी झाली. त्याच अवस्थेत उरलेल्या चाळीसएक फेऱ्या मारून तो सातवा आला. लोगन सार्जंटने गाडी पिटमध्ये आणून शर्यत सोडली. ॲलेक्स अल्बनला वैद्यकीय कक्षात न्यावं लागलं. लान्स स्ट्रोलने नंतर सांगितलं की वेगवान वळणांत आपली शुद्ध हरपत होती. हे सगळे विशीत असलेले, रोज व्यायाम करणारे, आहारतज्ज्ञ दिमतीला असलेले लोक. नुसतं बसून एवढं होत असतं तर ट्रकचालकांनाही झालं असतं.

पूर्वी तर विचारूच नका. १९८२ मध्ये नेल्सन पिके ब्राझीलच्या शर्यतीत पहिला आला (नंतर तो अपात्र ठरला) आणि पोडियमवरच चक्कर येऊन पडला. १९८४ मध्ये डॅलसला नायजेल मॅन्सेल बंद पडलेली गाडी ढकलता ढकलता कोसळला. १९९१ मध्ये गिअरबॉक्स बिघडून शेवटी सहाव्या गिअरवरच राहिलेली गाडी घेऊन आयर्टन सेना ब्राझीलमध्ये जिंकला, पण त्याला गाडीतून बाहेर काढायला माणसं लागली. पुढे मायकेल शुमाकरने व्यायामाला कामाचा भाग बनवलं आणि बाकीच्यांना त्याच्यामागे जावंच लागलं.

आता मोटरसायकल. मोटोजीपीच्या गाडीचं किमान वजन १५७ किलो आणि रायडर साधारण ६५ किलोचा. म्हणजे चालत्या वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा माणूसच आहे. कारमध्ये ड्रायव्हर इकडचा तिकडे सरकला तरी गाडीला फरक पडत नाही, आणि तो सरकूही शकत नाही. मोटरसायकलवर मात्र रायडरचं शरीर हा गाडीचाच हलता भाग आहे. वळणात साठ अंशांच्या वर झुकायचं, कोपर रस्त्याला घासायचं, बाहेरची मांडी टाकीला अडकवून स्वतःला टांगून ठेवायचं. लगेच उलट वळण आलं की फिरत्या चाकांचा विरोध मोडून ती गाडी दुसऱ्या बाजूला आडवी करायची. ब्रेक दाबताना जोर दीड जीच्या आसपास, म्हणजे कारच्या मानाने किरकोळ. पण इथे पट्टा नाही. अख्खं धड पुढे सरकायला बघतं आणि ते रोखायचं मांड्यांनी, पोटाने आणि हातांनी. त्याच वेळी उजव्या हाताची एक-दोन बोटं पुढचा ब्रेक किती दाबायचा ते ठरवत असतात.

यातून एक खास दुखणं येतं, त्याला आर्म पंप म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फुगतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आत दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो, बोटं बधिर होतात. ब्रेक दाबतोय की नाही तेच कळेनासं होतं. २०२१ मध्ये स्पेनमधल्या हेरेथला मोटोजीपी रायडर फाबियो क्वार्तारारो आरामात आघाडीवर होता. हात असा आवळला की तो एकेक करत मागे पडला आणि तेरावा आला. गाडीत काहीही बिघाड नव्हता. नंतर त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आवरण कापून स्नायूला जागा करून देतात. दानी पेद्रोसाला याच दुखण्यापायी २०१५ च्या काही शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. इंजिन ठणठणीत असताना हाताच्या स्नायूमुळे शर्यत हातची जात असेल, तर "सगळं मशीनच करतं" हे म्हणणं कुठे टिकतं?

मी स्वतः हौसेपुरता. कार्टिंग अधूनमधून करतो, मोटरसायकल ट्रॅकवर नेली आहे. कार्टमधून उतरल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायला बोटं तयार नसतात आणि सीटच्या कडेने बरगडीवर काळानिळा डाग पडलेला असतो. मोटरसायकलचं दुखणं दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांत कळतं. खऱ्या शर्यतीच्या वेगाजवळही मी कधी गेलेलो नाही, तरी ही गत.

दोन्हींची तुलना करायची तर शुमाकरची २००९ ची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. निवृत्तीनंतर तो हौसेने सुपरबाइकच्या शर्यती करत होता. फेब्रुवारीत स्पेनमध्ये पडला आणि मानेला दुखापत झाली. जुलैमध्ये फेलिपे मासा जखमी झाल्यावर फेरारीने त्याला परत बोलावलं. त्याने सराव सुरू केला, जुनी फॉर्म्युला वन कार चालवून पाहिली आणि ऑगस्टमध्ये माघार घेतली. मान साथ देईना. सात वेळा विश्वविजेता झालेल्या माणसाचं कसब कुठे गेलं नव्हतं, पण दुखावलेल्या मानेने नकार दिला आणि विषय संपला.

मोटरसायकलकडे माझं पारडं झुकतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे पडणं. कारच्या ड्रायव्हरभोवती कार्बन फायबरचा पिंजरा असतो, रायडरभोवती चामड्याचा पोशाख आणि एअरबॅग. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला मोटोजीपी रायडर होर्हे लोरेंझोचं गळपट्टीचं हाड मोडलं. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट बसवून घेतली, परत आला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. हे शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. मार्क मार्केझने २०२० मध्ये दंडाचं हाड मोडल्यावर आठवड्याच्या आत गाडीवर बसायचा प्रयत्न केला. त्याची किंमत चार शस्त्रक्रिया आणि काही हंगाम. पुन्हा विश्वविजेता व्हायला त्याला २०२५ उजाडलं. उलट बाजूला कारचा ड्रायव्हर रॉबर्ट कुबिचा आहे. २०११ मध्ये रॅलीच्या अपघातात त्याचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला, तरी २०१९ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये परतला आणि २०२५ मध्ये त्याने ल मान्स ही ड्रायव्हरांनी पाळीपाळीने चालवायची २४ तासांची शर्यत जिंकली. कुबिचाची जिद्द अफाटच आहे. पण तसा हात घेऊन मोटोजीपीची गाडी चालवता आली असती असं मला वाटत नाही.

आणि सगळ्या मोटरस्पोर्टमध्ये सर्वांत दमछाक करणारा प्रकार कोणता विचाराल तर मी यातलं काहीच सांगणार नाही, मोटोक्रॉस सांगेन. तीस मिनिटं अधिक दोन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बहुतेक वेळ पायांवर उभं राहून, उड्या मारत, चिखलातून. ज्यांना रेसर म्हणजे बसलेला माणूस वाटतो त्यांनी हे एकदा पाहावं.

तुमच्या बाजूनेही दोन गोष्टी मान्य करतो. पहिली, वेगवान गाडी नसेल तर उत्तम ड्रायव्हरही जिंकत नाही. खरंय. पण हा निकालाच्या न्याय्यतेचा प्रश्न झाला, शरीराचा नव्हे. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी आहेच, तिथेही धावतो तो घोडा. दुसरी गोष्ट वयाची. हुआन मान्युएल फांजिओ १९५७ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी विश्वविजेता झाला, आणि फर्नांडो अलोन्सो चाळिशी ओलांडूनही फॉर्म्युला वनमध्ये टिकून आहे. शंभर मीटर धावण्यात हे शक्य नाही. यावरून इतकंच दिसतं की इथे स्फोटक ताकदीपेक्षा सोसण्याची ताकद आणि अनुभव जास्त लागतो.

सगळ्याच रेसरना मात्र मी सरसकट ॲथलीट म्हणणार नाही. ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे छोट्या सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गटातली गाडी चार सेकंदांच्या आत शर्यत संपवते. धक्का भयानक असतो, प्रतिक्रिया विजेसारखी लागते, पण थकायला वेळच नसतो, त्यामुळे माझी कसोटी तिथे लागूच होत नाही. तसेच स्वतःच्या पैशाने संघात जागा मिळवणारे हौशी धनिक. ल मान्समध्ये व्यावसायिकांच्या जोडीला असे लोकही उतरतात. त्यांच्यातले काही वर्षभर कसून तयारी करतात, काहींची पहिल्याच तासाभराच्या पाळीत जीभ बाहेर येते. पोशाख दोघांचा सारखाच असतो, म्हणून तिथे मी नाव वाचून नाही, पाळीच्या शेवटच्या दहा फेऱ्यांच्या वेळा बघून ठरवतो.