वाचकांचे प्रश्न : मुंबईचा पाऊस आणि लंडनचा पाऊस

प्रश्न : नोव्हेंबर ते फेब्रुवारी लंडनला मुलाकडे राहायचे आहे. तिथे बारमाही पाऊस असतो म्हणतात. मुंबईतली छत्री आणि पावसाळी चपला चालतील का?

उत्तर : दोन्ही घरीच ठेवा. लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला. तेवढा पडायला लंडनला दीड वर्ष लागते.

तरी 'बारमाही' हे खरेच आहे. मुंबईचा बहुतेक सगळा पाऊस मोसमी वारे जून ते सप्टेंबरमध्ये आणतात, मग आभाळ मोकळे. ब्रिटनवर मात्र अटलांटिककडून पश्चिमी वारे वर्षभर कमी दाबाची क्षेत्रे ढकलत असतात, त्यामुळे पावसाळा असा वेगळा ऋतूच नाही. पडते ती बहुधा भुरभुर, पण वाऱ्याने आडवी येते आणि छत्री उलटते. टोपीचे, मांडीपर्यंत येणारे वॉटरप्रूफ जॅकेट घ्या. आत स्वेटर मावेल असे एक माप मोठे. जानेवारीत दुपारी ७-८ अंश आणि पहाटे २-३ अंश असतात, भिजलेली पावले लवकर गारठतात. घोटा झाकणारे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरी मोजे हवेत.

आपल्याकडच्यांना थंडीपेक्षा अंधार जड जातो. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा, चारच्या आत सूर्यास्त. मुंबईत तेव्हाही ११ तास उजेड असतो. फिरणे अकरा ते दोनमध्येच उरका. ऑक्टोबर ते मार्च ऊन इतके तिरपे पडते की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावे, असा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. इतर औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तिथे कपडे घरात वाळवले की भिंतींना बुरशी येते. मुंबईत तर पावसाळाभर घरातच वाळवतो!

उत्तर : मुंबईत खिडक्या उघड्या असतात आणि भिंती गार नसतात. तिथे बंद घरातली दमट, ऊबदार हवा गार भिंतीला लागली की पाणी सुटते. कपडे न्हाणीघरात, दार लावून आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सकाळी दहा-पंधरा मिनिटे खिडक्या उघडा, थंडी वाजली तरी.