फादर व्हायचं नाही, पण टॉवरमध्ये राहून मिशनरी व्हायचंय!

पत्र : आम्ही नंदाखालचे. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. आहे, अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. आता म्हणतो, नोकरी सोडतो, विरारला टॉवरमध्ये भाड्याने राहतो आणि तिथल्या लोकांत मिशनरी म्हणून काम करतो. अमेरिकेत असं काम चालतं हे त्याने मोबाइलवर पाहिलंय. फादर हो म्हटलं तर नको म्हणतो, लग्न करायचंय. मग घरची वाडी सोडून फ्लॅटमध्ये कशाला? याला करिअर म्हणायचं का? पगार कोण देणार? आणि उद्या कोणी धर्मांतराची तक्रार केली तर? – एक आई, वसई

ताई,

काम आहे, शिकून करण्यासारखं आहे, माणसाचा सगळा वेळ खाणारं आहे. पगाराचा मात्र भरवसा नाही. ‘फादर हो, नाहीतर नोकरी कर’ असे दोनच रस्ते तुम्ही त्याच्यापुढे ठेवलेत, ते वसईच्या माणसाने तरी ठेवू नयेत. संत गोन्सालो गार्सिया तुमच्या वसईतच जन्मले. आधी जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात गेले तेही ब्रदर म्हणून. जपानी भाषा अवगत होती, म्हणून धर्मगुरूंचे दुभाषे झाले. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. धर्मगुरू ते कधीच नव्हते.

मुलाने पाहिलं ते खरं आहे, पण ते तिकडचं आहे. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात टिली बर्गिन या बाईंनी १९८६ मध्ये असं काम सुरू केलं. लोक चर्चपर्यंत येत नाहीत, तर बायबलचा वर्ग त्यांच्या अपार्टमेंटमध्येच न्यायचा. तिकडे बरेचदा अख्खं संकुल एकाच कंपनीचं असतं आणि राहणारे सगळे भाडेकरू. भाडेकरू टिकले तर कंपनीचा फायदा. त्यामुळे काही संस्था मालकाशी करारच करतात. कार्यकर्ता जोडपं तिथे राहतं, नव्या बिऱ्हाडांना भेटतं, सगळ्यांना एकत्र आणणारे कार्यक्रम घेतं आणि त्या बदल्यात भाड्यात सवलत मिळते.

विरारला हे गणित जमत नाही. इथे प्रत्येक फ्लॅटचा मालक निराळा, वर गृहनिर्माण सोसायटी, आणि तुमचा मुलगा बहुधा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. हॉल हवा तर कमिटीकडे अर्ज, आणि कमिटीत दोन गट नसतील अशी सोसायटी मला तरी माहीत नाही. लोक ओळखायला लागेपर्यंत करार संपतो. वाडी बिल्डरला देऊन फ्लॅट घेतलेलं कोणी तुमच्या नात्यात असेलच. सोसायटीत कसं चालतं ते त्यांना आधी विचारा.

आता दिवस कसा जातो ते सांगते. विरारची माणसं उजाडायच्या आत लोकल पकडतात आणि रात्री आठ-नऊला परततात. सकाळी दहानंतर टॉवरमध्ये उरतात म्हातारी माणसं, बाळंतिणी, घरकामाच्या बायका आणि वॉचमन. कोणाचा पेन्शनचा हयातीचा दाखला काढून द्यायचा, कोणाला मोतीबिंदूसाठी दवाखान्यात न्यायचं. संध्याकाळी घरी मोठं कोणी नसलेली मुलं जिन्यात खेळत बसतात, त्यांचा अभ्यास घ्यायचा. कमावती माणसं भेटतात ती रात्री नऊनंतर, तीही दमलेली, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. गेटवरच्या वॉचमनच्या ॲपमध्ये डिलिव्हरी, कॅब, पाहुणा असे पर्याय असतात. रोज बाहेरून येणारा सेवेकरी कशात बसवायचा, हे त्याला कळत नाही आणि तो अडवतो. तिथल्या रहिवाशाला कोणी अडवत नाही. वाडी सोडून फ्लॅटमध्ये कशाला, हे तुम्ही विचारलंत ना, त्याला कारण हेच.

खरा कस लागतो मयताच्या रात्री. तुमच्या गावात कोणी गेलं की अर्ध्या तासात अंगण भरतं. चौदाव्या मजल्यावर, रात्री दोन वाजता, मंगळूर किंवा झारखंडहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबात वडील गेले, तर आपला धर्मग्राम, म्हणजे आपल्या भागाचं चर्च, कोणता हेही त्यांना ठाऊक नसतं. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर डॉक्टरची सही लागते. नव्या वस्तीत फॅमिली डॉक्टर नाही, आणि ज्याने पेशंट कधी पाहिला नाही तो सही करायला तयार होत नाही. लहान लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही, मग खुर्चीत बसवून न्यायचं की जिन्याने, हे तिथेच ठरवावं लागतं. त्या वेळी प्रवचन कामाचं नाही. कोणता डॉक्टर येईल, शववाहिनीचा नंबर काय, फादरना किती वाजता उठवायचं, हे ज्याला माहीत आहे तो त्या घरचा माणूस होतो. ही यादी त्याने राहायला गेल्याच्या पहिल्या महिन्यात करून ठेवावी.

यातूनच नोकरीचं उत्तर निघतं. कामाचा मोठा भाग संध्याकाळचा, रात्रीचा आणि रविवारचा आहे, तर नोकरी आत्ताच कशाला सोडायची? निदान वर्षभर अंधेरीला जात-येत त्याने तिथे राहून पाहावं. दमेल, कबूल. पण शेजारचेही असेच दमून येतात, आणि त्याच गर्दीतून उतरलेल्या माणसाशी ते मोकळेपणाने बोलतील. वर्षाअखेर चार घरांनी स्वतःहून हाक मारली तर पुढचा विचार करू. मोबाइलवर पाहून घेतलेला राजीनामा मात्र मला पटत नाही.

पुढचा विचार म्हणजे एम.एस.डब्ल्यू., समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं, दोन वर्षं लागतात. मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्याचं कॉलेज आहे, देवनारला १९३६ पासूनची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. धर्मशास्त्राची ओढ असेल तर पुण्याची ‘ज्ञानदीप’ ही संस्था. माझं मत विचाराल तर आधी समाजकार्य. त्या पदवीवर रुग्णालयात, शाळेत, संस्थेत पगाराची नोकरी मिळू शकते, आणि मिशनचं काम थांबलं तरी हात रिकामे राहत नाहीत. धर्मग्रामाकडून मानधन मिळालं तर ते वरखर्चापुरतं धरा.

अमेरिकेत असे पुष्कळ मिशनरी मित्रपरिवाराकडून दरमहा देणगी गोळा करतात. त्याने इथून परदेशी मित्रांकडे हात पसरू नये. धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. स्वतःच्या गूगल पे वर अजिबात नको.

तुमची भीती रास्त आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. तेव्हा अभ्यासवर्ग सगळ्यांच्या मुलांसाठी असेल तर तिथे अभ्यासच व्हावा. प्रार्थना ख्रिस्ती घरांत, त्यांनी बोलावलं तर. औषधाच्या पिशवीबरोबर पत्रक नाही, कधीच नाही. सुरुवातीलाच सेक्रेटरीला भेटून ‘मी चर्चचा कार्यकर्ता आहे’ असं सरळ सांगावं. लपवलेली ओळख सहा महिन्यांनी बाहेर आली, तर खऱ्या मदतीकडेही लोक संशयाने बघतात. आणि एकट्याच्या जोरावर काही नको. तिथल्या फादरना सांगून, धर्मग्रामाच्या लघु ख्रिस्ती समूहात, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या छोट्या गटात, नाव घालूनच काम करावं. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आहे, म्हणजे बिशपही इथलेच, विचारायला लांब जावं लागत नाही.

लग्नाचं म्हणाल तर या कामात जोडपं असलेलं बरंच. तरुण एकटा मुलगा दुपारी घरोघर जातो म्हटलं की कुजबुज होते, आणि बायका बाईशी बोलतात ते त्याच्याशी बोलणार नाहीत. फक्त स्थळ आलं की पहिल्याच भेटीत मुलीला सगळं सांगा : पगार किती, घर भाड्याचं, आणि रात्री अकरालाही बेल वाजू शकते. तिच्या आईवडिलांना सांगितलं म्हणजे तिला सांगितलं, असं समजू नका.