दुसऱ्यांदा विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा निरोप सकाळी दूध तापवताना वाचला. दोनदा वाचला आणि दूध उतू गेलं, ते जाऊ दे. दुपारी बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. तुझी आई मला शाळेपासून बाई म्हणते म्हणून तूही बाईच म्हणतोस. तेव्हा बाईंनी रागावलेलं तुला चालेल असं धरून चालते.

शहाद्याचा तुझा मित्र. सहा वर्षांची ओळख, रोजचं बोलणं, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. त्याचे वडील माघात गेले. तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली, हात जोडले. पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा पूर्वीसारखे विनोद टाकायला लागला आणि तुम्हाला वाटलं, सावरला. आता तुझ्या मनात घोळतंय की त्याला वडिलांचं काही विचारावं का? उगाच खपली काढल्यासारखं होईल का?

विचार. पहिल्यांदा सगळ्यांनी विचारलं, आता दुसऱ्यांदा विचार.

न भेटलेल्या माणसाशी मैत्री खरी की खोटी, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. ते तुलाही माहीत आहे, मलाही. आई म्हणते, "ना पाहिला ना भेटला, त्याच्यासाठी रात्र रात्र काय जागतोस?" तिला मी फोन करेन, ते माझ्याकडे लागलं.

आपल्याकडे माणूस गेला की दारावर जायची रीत आहे. गंधमुक्तीच्या विधीपर्यंत ओटा रिकामा राहत नाही. लांबचे पाहुणे येतात, बायका बसून राहतात, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नाही. मग मांडव निघतो, सतरंज्या परत जातात आणि घरात अचानक भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागतो. आपल्या वाडवडिलांना हे कळत होतं, म्हणून ते तेराव्याला थांबले नाहीत. माणूस गेल्यानंतरचा पहिला सण आला की मामा, जावई, लेकी पुन्हा त्या घरी येतात. चूल पेटवायला लावतात, गोडाचा घास भरवतात, रडू आलं तर येऊ देतात. ही दुसऱ्यांदा विचारण्याचीच रीत आहे. तुमच्या मैत्रीला अजून अशी रीत नाही, म्हणून ती ज्याची त्याने पाडायची.

माझ्या सासूबाई एका फाल्गुनात वारल्या. कामाच्या रगाड्यात मी रडलेच नव्हते. सगळे म्हणाले, सून खंबीर आहे. वैशाखात कुरडयांचा घाट घातला, तेव्हा शेजारच्या काकू मदतीला आल्या. चीक शिजत आला होता. काकूंनी पातेल्यात डोकावलं आणि म्हणाल्या, "माय, आता मीठ कोण चाखंल?" दरवर्षी मीठ सासूबाई चाखायच्या. बोटावर चीक घ्यायच्या, फुंकायच्या, जिभेला लावायच्या आणि मान हलवायच्या. त्या एका प्रश्नावर मी अंगणात, हातात पळी धरून, दोन महिन्यांचं रडले. काकूंनी खपली काढली का? त्या दिवसापासून घरात सासूबाईंचं नाव घेता यायला लागलं, एवढं मला माहीत आहे.

आता जे सांगते ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

2007 साली मुलाच्या कॉम्प्युटरवर मी ऑर्कुटवर आले. भारनियमनाचे दिवस, लाइट रात्री दहानंतर यायची. सगळे झोपले की मी पडद्यापुढे बसायची. तिथे कऱ्हाडची एक मैत्रीण मिळाली. तिचे यजमान शाळेत शिक्षक होते, सायकलने जायचे यायचे. मी शेवेच्या भाजीबद्दल लिहिलं, तर तिने विचारलं, "शेवेची कसली भाजी? शेव तर चहाबरोबर खातात!" मी कृती लिहून पाठवली, काळा मसाला कसा भाजायचा तेही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या." तिथून पुढे सहा वर्षं. तिच्या दारातली जास्वंद, माझी केळी, तिच्या जावेचं बोलणं, माझ्या लेकीचं बाळंतपण. एकदा आमची म्हैस आजारी पडली, ते मी सहज लिहिलं. चार दिवसांनी, माझ्याही ध्यानात नव्हतं तेव्हा, तिने विचारलं, "म्हशीने वैरण खाल्ली का?"

बघ, दुसऱ्यांदा विचारणं मी तिच्याकडूनच शिकायचं होतं. ती माझ्या डोळ्यांपुढे ते करत होती.

2013 च्या मार्चमध्ये तिचे यजमान अचानक गेले. मी रात्रभर बसून तिला लांब पत्र लिहिलं. मनापासून लिहिलं, आजही त्यातला एक शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही. ओळखीच्या बायका म्हणाल्या, तुमचं वाचून आम्हीही रडलो. आणि मला वाटलं, माझं झालं. जूनच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली: "ह्यांची सायकल आज भंगारवाल्याला दिली. 300 रुपये आले."

मी उत्तर दिलं, "बरं केलंस, अडगळ गेली."

बाळा, त्या उत्तराला किती वर्षं झाली. अजून कुणाची जुनी सायकल दिसली की मला तेच आठवतं.

माझी बाजूही ऐकून घे, कारण ती खोटी नाही. त्याच महिन्यात आमच्या शिवारात वादळ झालं होतं. बाग निसवलेली, घड भरत आलेले. केळीचं लहान खोड वाऱ्यात वाकतं आणि पुन्हा उभं राहतं, घडाने भरलेलं खोड मात्र मधोमध मोडतं. सकाळी बांधावर गेले तर 2,200 खोडं आडवी. आमचे हे चिखलात उभे राहून ठिबकच्या नळ्या गोळा करत होते, कारण तेवढंच हाताला लागण्यासारखं उरलं होतं. पंचनामा, सोसायटीचं कर्ज, धाकट्याची फी, आणि दिवसा माझी शाळा. त्या महिन्यात कुणी कुणाची सायकल लक्षात ठेवली नसती. मी वाईट बाई नव्हते, दमलेली बाई होते. मला दोष देणाऱ्याने आधी ती बाग बघावी.

पण "कोणती सायकल गं, ती शाळेत न्यायचे तीच का?" एवढं लिहायला किती वेळ लागला असता? दमलेली असले तरी "अडगळ गेली" लिहायला मला वेळ मिळालाच होता.

तिने भांडण केलं नाही. लिहिणं कमी होत गेलं. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. जुनं लिहिलेलं उतरवून घ्यायची सोय होती, ती मला कळलीच नाही. सहा वर्षांची जास्वंद, म्हैस, जावेचं बोलणं सगळं गेलं. फोन नंबर तेवढा राहिला.

2015 च्या डिसेंबरात मी भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. पिशवीत भरताची वांगी, कळण्याचं पीठ आणि शेव. एवढ्या लांब एकटी पहिल्यांदाच निघाले होते. तिने मला ओळखलं, जेवू घातलं, संध्याकाळी प्रीतिसंगमावर घेऊन गेली. कृष्णा-कोयनेचं पाणी बघत आम्ही घाटावर बसलो. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "तुझं पहिल्या दिवशीचं पत्र मी वहीत उतरवून ठेवलंय. पण सायकलीचं तुला तरी कळायला हवं होतं." मी माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, तसं काही नाही." आणि परतताना तिने माझ्या पिशवीत काकवीची बाटली घातली.

हल्ली ती मला दसऱ्याला, दिवाळीला, संक्रांतीला शुभेच्छा पाठवते. फुलांचं चित्र असतं, खाली शुभ सकाळ. जास्वंदीचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

म्हणून तुझं ते वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. "बाई, मला वाटतं त्याला थोडी स्पेस द्यावी." कुणी मागितली? त्याने मागितली का? नसेल मागितली, तर ती तू स्वतःला देतो आहेस, त्याच्या नावावर. तुला अवघड वाटतंय, एवढंच आहे ते. अवघड वाटू दे. तो विनोद टाकतो म्हणून सावरला, हे तुम्हा पोरांना कोणी शिकवलं? तुमच्या ग्रुपमध्ये विनोदाशिवाय आत यायला दुसरं दार ठेवलं आहे का तुम्ही? नसेल, तर तो त्याच दाराने येणार.

आणि विचारायचं म्हणजे "कसा आहेस?" असं नाही. त्याला उत्तर एकच, "बरा आहे." तू मला लिहिलंस की त्याच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी दारात रांगेने पडलेल्या असायच्या, आणि त्याचे फोटो तो तुला पाठवायचा. मग ते विचार ना! दुकान उघडतं का? ज्यांच्या मोटारी अर्धवट राहिल्या होत्या, ते आले का न्यायला? चाव्या कुणाकडे असतात? त्याला उत्तर द्यायचं नसलं तर तो देणार नाही, पुढचा विनोद टाकेल. टाकू दे. महिन्याने परत विचार. राग आला तर येऊ दे, तो राग तू सोसायचा. तेवढं सोसायची तयारी नसेल, तर सहा वर्षं रात्री जागून काय केलंत?

सुखाचंही असंच करा. कुणाला नोकरी लागली की तुम्ही अभिनंदनाचा पाऊस पाडता आणि दुसऱ्या दिवशी कोरडं. दोन महिन्यांनी विचारावं, साहेब कसा आहे, डबा कुठे खातोस, पहिल्या पगारातून आईला काय घेतलंस. पण हे सवडीने. आधी शहादा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली आहे. त्याच्या घरी यंदा वडिलांच्या नावाची घागर भरली जाईल. तू सणाला चोपड्याला येणारच आहेस. चोपड्याहून शिरपूर आणि शिरपूरहून शहादा, सरळ रस्ता आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूरचा तोच रस्ता माझ्या गावावरूनही जातो. सणाच्या दिवशी घरची माणसं असतील, तू दुसऱ्या दिवशी जा. बाजारातून एक चांगलं डांगर, म्हणजे खरबूज, घे, वास घेऊन निवड, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्याच्या आईच्या पाया पड. ओळख काय सांगू म्हणून अडखळू नकोस, नाव सांग, त्यांनी ते ऐकलेलं असेल.

आणि तो दुकान दाखवायला नेईल. नाही नेलं तर तू म्हण, दुकान बघू दे. आत गेल्यावर लगेच बोलू नकोस. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, वडिलांची बसायची जागा, सगळं नीट बघ. मग त्याला विचार, मोटार जळलीय हे वडील कशावरून ओळखायचे.

त्याने काय सांगितलं ते मला लिही. तू विसरलास तर मी विचारेन.

तुझी,
बाई